तीन वेळा ‘फेल’ झालेलं डाउनलोड

शुक्रवारी रात्री भाच्याचा मेसेज आला: “मावशी, आयएसओ डाउनलोडच होत नाहीये. तीनदा केलं, तीनदा फेल. हॉस्टेलचं नेट भंगार आहे.”

लक्षण, मोजणी आणि निदान, तिन्ही एका दमात. लक्षण खरं होतं आणि मोजणीही खरी होती. निदान मात्र त्या रात्री चुकलं, आणि पुढच्या तीन दिवसांत आम्ही दोघांनी मिळून ते आणखी दोनदा चुकवलं. लॅपटॉपवर विंडोज होतंच, त्याला शेजारी उबुंटू ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची होती, आणि आयएसओ म्हणजे तिची एकाच फायलीत बांधलेली इन्स्टॉल डिस्क. त्या कामात तीन वेगवेगळ्या ठिकाणी ‘डाउनलोड फेल’ झालं. तिन्ही वेळा डाउनलोडच बिघडलं होतं, पण कारणं वेगवेगळी होती. शिवाय दुसरं कारण पहिल्यावर केलेल्या उपायातूनच जन्मलं, आणि तो उपाय माझा होता.

तयारी काय होती ते आधी सांगते. २५६ जीबीची एसएसडी. भाच्याने व्हिडिओ बघून विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा हिस्सा, आक्रसून ६० जीबी जागा रिकामी केली होती. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवली होती, फास्ट स्टार्टअप बंद केलं होतं. पार्टिशनला हात लावण्याआधी या दोन गोष्टी कोणी करत नाही, त्याने केल्या होत्या, म्हणून मला वाटलं पोरगं व्यवस्थित आहे. पण ६० जीबी काढून घेतल्यावर सी ड्राइव्हमध्ये जेमतेम पाच जीबी उरले होते, आणि फाइल होती सहा जीबीच्या जवळपास. मग त्याने डाउनलोडची जागा बदलून थेट पेन ड्राइव्ह दिली. आयएसओ शेवटी पेन ड्राइव्हवरच जायची आहे, मग आधीपासूनच तिथे का नको, असा हिशोब.

७२ टक्के

मी त्याला एकच प्रश्न विचारला: “कुठे थांबतं?”

“मध्येच.”

“मध्येच म्हणजे कुठे?”

त्याने तेवढ्यासाठी पुन्हा डाउनलोड लावलं आणि तासाभराने सांगितलं की ७२ टक्क्यांच्या पुढे जात नाही. आधीच्या वेळीही तिथेच कुठेतरी थांबत होतं, आता आठवतंय म्हणाला.

इथेच नेटवरचा संशय बराच कमी झाला. खराब नेटवर्क कुठेही तुटतं: एकदा आठ टक्क्यांवर, एकदा ऐंशीवर, कधी सुरूच होत नाही. ते लहरी असतं. दर वेळी एकाच जागी थांबणाऱ्या गोष्टीमागे कुठलीतरी मर्यादा असते, आणि ती मर्यादा बहुतेक वेळा रस्त्यावर नसते, पोचायच्या ठिकाणी असते. (नेटवर्कमध्येही ठराविक जागी थांबवणारे प्रकार असतात, उदाहरणार्थ अमुक इतक्या डेटानंतर जोडणी तोडणारा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर. पण ती शक्यता दुसऱ्या क्रमांकाची.)

ब्राउझर नुसतं ‘फेल’ म्हणून मोकळा होत होता. म्हणून त्याला कर्ल, म्हणजे कमांड टाइप करून फाइल उतरवणारा प्रोग्रॅम, वापरायला सांगितलं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून कर्ल विंडोजसोबतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. फक्त जुन्या पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत) नुसतं ‘कर्ल’ टाइप केलं तर भलतीच कमांड चालते, कारण तिथे ते नाव दुसऱ्या कमांडचं टोपणनाव आहे. शेवटी टिंब लावून ‘ईएक्सई’ लिहिलं की खरं कर्ल चालतं. यात आमची दहा मिनिटं गेली.

कर्लही त्याच जागी थांबलं. पण कर्लने कारण सांगितलं: एरर २३. हा क्रमांक ‘लिहिता आलं नाही’ याचा आहे. जोडणी तुटली, सर्व्हरने उत्तर दिलं नाही, वेळ संपली, या सगळ्यांचे क्रमांक वेगळे आहेत. २३ म्हणजे बाइट लॅपटॉपपर्यंत आले होते, ते ठेवायला जागेने नकार दिला.

“पेन ड्राइव्हवर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज. फाइल सिस्टीम काय लिहिलंय?”

“फॅट३२.”

फाइल सिस्टीम म्हणजे ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत. फॅट३२ या पद्धतीत प्रत्येक फाइलच्या नोंदीत तिचा आकार ३२ बिटांच्या एका खणात लिहितात. त्या खणात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. याहून मोठी फाइल त्या ड्राइव्हवर मावत नाही, मग ड्राइव्ह ३२ जीबीची असो की १२८ ची. ड्राइव्हवर जागा ढीगभर असते, फाइलला मात्र नकार. आपण एखादी मोठी फाइल तिथे कॉपी करायला गेलो तर विंडोज निदान ‘या फाइल सिस्टीमसाठी फाइल फार मोठी आहे’ असं सांगतं. डाउनलोड करणारा प्रोग्रॅम तेवढी तसदी घेईलच असं नाही. आमची फाइल ५.९ अब्ज बाइटांची होती. ४.२९ भागिले ५.९, म्हणजे ७२ टक्के आणि वर थोडं. आकडा पहिल्यापासून आमच्यासमोर पडला होता.

जुन्या आयएसओ ४ जीबीच्या आत असायच्या, त्यामुळे वर्षानुवर्षं हा दगड कुणाला लागला नाही. आता डेस्कटॉपच्या बऱ्याच आयएसओ त्या रेषेच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि पेन ड्राइव्ह अजूनही फॅट३२ मध्ये येतात.

माझा सल्ला आणि त्याचं फळ

त्यावर मी जे सांगितलं ते असं: “सी ड्राइव्हवरचा कचरा काढ, थोडी जागा कर. पेन ड्राइव्हवर जो ४ जीबीचा तुकडा आलाय तो फेकू नको. तो सी वर कॉपी कर आणि सकाळी कर्लला तिथून पुढे चालू करायला सांग. उरलेलं पाऊण-एक तासात येईल.”

खरं तर ६० जीबी रिकामे पडलेच होते. तिथे तात्पुरतं एनटीएफएस (मोठ्या फायली चालणाऱ्या फाइल सिस्टीमचं) पार्टिशन करून सगळी फाइल नव्याने उतरवता आली असती, आणि पुढचं रामायण टळलं असतं. ते मला शनिवारी सुचलं. शुक्रवारी रात्री मात्र ‘आलेलं ४ जीबी वाया कशाला घालवायचं’ हाच विचार डोक्यात होता.

शनिवारी दुपारी त्याचा मेसेज: “झालं! साइज बाइट टू बाइट जुळतोय.” मी अंगठा पाठवला. तिथे मी ‘हॅश तपास’ (हॅश म्हणजे फायलीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला तिचा ठसा) असं लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

रविवारी तो लॅपटॉप घेऊनच आला. रुफस या प्रोग्रॅमने आयएसओवरून इन्स्टॉलसाठीची पेन ड्राइव्ह बनवली होती. ती बूट झाली, म्हणजे लॅपटॉप तिच्यावरून सुरू झाला, इन्स्टॉल न करताच चालणारा उबुंटूचा लाइव्ह डेस्कटॉपही उघडला, सगळं छान. इन्स्टॉल सुरू केलं की फाइल कॉपी करायच्या टप्प्यावर काही मिनिटांनी कोसळायचं. दोनदा तेच झालं. त्याचं मत बनलं होतं: पेन ड्राइव्ह खराब, डाउनलोड तर पूर्ण झालंय. त्याने मला विचारलंसुद्धा, “नवीन घेऊ का?”

बूट होताना पडद्यावर एक तपासणी चालते, ती पूर्ण होऊ दिली होतीस का, असं मी विचारलं. उबुंटू २०.०४ पासून लाइव्ह माध्यम सुरू होतानाच आपल्या फायली पडताळून पाहतं, आणि कंट्रोल-सी दाबून ती पडताळणी सोडताही येते. “वेळ खात होती म्हणून सोडली,” म्हणाला.

संशयित चार होते: पेन ड्राइव्ह, तिच्यावर लिहिण्याची प्रक्रिया, लॅपटॉपची रॅम आणि मूळ आयएसओ. अशा वेळी मी जे सगळ्यात स्वस्तात तपासता येतं तिथून सुरू करते, मग तो संशय सगळ्यात दाट असो वा नसो. पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश ही कमांड आयएसओवर चालवली. ती न सांगता एसएचए-२५६ प्रकारचाच हॅश काढते, म्हणून मला सोयीची वाटते. विंडोजमधलं जुनं सर्टयूटिल वापरलं तर प्रकार स्पष्ट सांगावा लागतो, नाहीतर ते एसएचए-१ काढतं आणि माणूस चुकीच्या आकड्यांशी तुलना करत बसतो. ६४ अक्षरं आली. सर्व्हरवरच्या यादीतली ६४ अक्षरं वेगळी होती. पहिल्या अक्षरापासून वेगळी, आणि ती तशीच असायची. फायलीत एक बिट जरी बदललं तरी हॅश सगळाच बदलतो. ‘थोडासा जुळतोय’ असा प्रकार त्यात नसतो.

म्हणजे पेन ड्राइव्ह सुटली. मूळ फाइलच बिघडलेली होती.

पण फाइल बिघडलेली आहे की ती वाचणारा लॅपटॉप? त्यासाठी लॅपटॉप रीस्टार्ट करून हॅश पुन्हा काढला. रीस्टार्ट मुद्दाम केला, कारण एकदा वाचलेली फाइल, निदान तिचा बराचसा भाग, रॅममध्ये राहिलेला असतो, आणि दुसऱ्यांदा तीच प्रत वाचली जाते. दोन्ही हॅश एकच आले. हे दोन वेगळे आले असते तर मी आयएसओचा नाद तिथेच सोडला असता आणि रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावलं असतं, कारण न बदललेल्या फायलीचे दोन हॅश निघाले तर दोष रॅमचा किंवा डिस्कचा असतो, आणि असल्या यंत्रावर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम नीट बसत नाही. आमचे एकच आले. चुकीचेच, पण ठाम.

आता प्रश्न असा की आकार शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर, मग आतलं चुकीचं कसं? वाटेत बिघडलं म्हणावं तर डाउनलोड एचटीटीपीएसवरून, म्हणजे सुरक्षित जोडणीवरून, होतं. त्यात प्रत्येक तुकड्यावर मोहोर असते, वाटेत एक बाइट बदलला तर जोडणीच तुटते. साध्या एचटीटीपीवर एखादी चूक निसटू शकते, कारण तिथे टीसीपीची (इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या नियमांची) १६ बिटांची पडताळणीची बेरीज हाच मुख्य पहारेकरी असतो आणि तो कधीतरी डुलकी घेतो. एचटीटीपीएसवर हा बचाव चालत नाही.

तेव्हा मी त्याला विचारलं, जे शुक्रवारीच विचारायला हवं होतं: “लिंक कोणती होती?”

त्याने दाखवली. डेली बिल्ड. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सगळ्यात ताजं तेच असतं.

डेली बिल्ड म्हणजे विकसनातल्या आवृत्तीची रोज नव्याने बांधलेली आयएसओ. तिचं नाव रोज तेच असतं, त्यात तारीख नसते. पत्ता तोच, नाव तेच, आतला माल वेगळा. एखाद्या फलाटावरून रोज त्याच नावाची गाडी सुटते, पण डबे दर वेळी नवे, तसं.

मग विंडोजमध्ये आयएसओवर डबल क्लिक केलं. ती ड्राइव्हसारखी उघडते. तिच्यात टिंबाने सुरू होणारं ‘डिस्क’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘इन्फो’ नावाची एका ओळीची फाइल. त्या ओळीत बांधणीची तारीख असते. आमच्या फायलीत शुक्रवारची तारीख होती. मग कर्लला फक्त मथळे (सर्व्हर फायलीआधी देतो ती तिची माहिती) आणायला सांगितले, फाइल नको. सर्व्हर म्हणाला, ही फाइल शेवटची बदलली शनिवारी पहाटे.

झालं असं की पहिले ४ जीबी शुक्रवारच्या बांधणीचे होते. शनिवारी सकाळी कर्लने सर्व्हरला सांगितलं, “माझ्याकडे इतके बाइट आहेत, पुढचे दे.” सर्व्हरने निमूट पुढचे दिले, पण शनिवारच्या फायलीतले. कर्लने ते शेपटीला जोडले. एकूण आकार शनिवारच्या फायलीइतका झाला, आणि होणारच होता, कारण मागणी ‘इथपासून शेवटपर्यंत’ अशीच होती. आकार जुळणं हा पुरावा नव्हताच. तो या जोडकामाचा परिणाम होता.

एचटीटीपीमध्ये यावर तोड आहे. ‘फाइल बदलली नसेल तरच पुढचा तुकडा दे, बदलली असेल तर पहिल्यापासून सगळी दे’ अशी अट घालता येते. ब्राउझर ती घालतात. कर्लला नुसतं पुढे चालू करायला सांगितलं की ते घालत नाही. विगेट या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमचंही तसंच आहे, त्याच्या माहितीपुस्तिकेत याची सूचनाही दिलेली आहे. साधनं प्रामाणिक आहेत, सांगितलं तेवढं करतात.

आणि एवढं होऊन ती बूट कशी झाली? आयएसओच्या आतल्या फायलींची अनुक्रमणिका सुरुवातीच्या भागात असते. ती शाबूत होती, आणि बूटला लागणाऱ्या फायली बहुधा त्याच शाबूत भागात पडल्या. मोठ्या संकुचित (कॉम्प्रेस केलेल्या) फायलींचा शेवटचा भाग मात्र दुसऱ्याच दिवसाचा होता. कॉपी त्या जागी पोचली की कोसळायची. अर्धवट चालणारी गोष्ट पूर्ण बंद असलेल्या गोष्टीपेक्षा जास्त फसवते. मुळात बूटच झाली नसती तर त्यानेच आधी आयएसओवर बोट ठेवलं असतं.

टॉरेंटने ही भानगड झाली नसती. तिथे फाइल छोट्या तुकड्यांत येते, प्रत्येक तुकड्याचा हॅश आधीपासून माहीत असतो, आणि बिघडलेला तुकडा तेवढाच परत आणला जातो. पण हॉस्टेलच्या नेटवर टॉरेंट बंद होतं.

डेली बिल्डचा नाद सोडून आम्ही २४.०४ घेतली. ही एप्रिल २०२४ मध्ये आलेली दीर्घ मुदतीची आवृत्ती, २०२९ पर्यंत तिचे नेहमीचे अपडेट चालू राहतात. अभ्यासाच्या लॅपटॉपवर रोज बदलणारं काही घालायचं कारणच नव्हतं. अधल्यामधल्या आवृत्त्यांचा आधार नऊच महिने असतो, नंतर त्यांचे पॅकेज (प्रोग्रॅमचे गठ्ठे) जुन्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात आणि डाउनलोडला ४०४ (‘सापडलं नाही’) येऊ लागतं. तो ‘फेल’चा आणखी एक प्रकार, जो आमच्या वाट्याला आला नाही.

माझ्याकडच्या नेटवर नवी फाइल नव्याने, पहिल्या बाइटपासून उतरवली. हॅश जुळला. भाच्याला उत्साह आला, म्हणाला, “हॅश जुळला म्हणजे शंभर टक्के सेफ ना?” म्हटलं, बाइट बरोबर आले एवढंच कळलं, ते कुणाचे आहेत ते नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्सची वेबसाइट फोडून १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडच्या लिंका मागचं दार (चोरवाट) बसवलेल्या आयएसओकडे वळवल्या होत्या. ज्याच्या हातात साइट गेली त्याला शेजारी छापलेला हॅशही बदलता येतो. म्हणून हॅशच्या यादीवर सही असते आणि ती जीपीजी या प्रोग्रॅमने तपासता येते. ती आम्ही तपासली. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यातली अर्धी मिनिटं सहीची कोणती किल्ली खरी हे ठरवण्यात जातात.

पेन ड्राइव्ह नव्याने बनवून त्याच्या हातात दिली. “इन्स्टॉल हॉस्टेलवर जाऊनच करतो, उशीर झालाय,” म्हणाला.

सोमवार

सोमवारी सकाळी फोन. “मावशी, आता खरंच नेटचं आहे. आयएसओ बरोबर आहे, तपासणी पूर्ण होऊ दिली, काही एरर नाही. पण इन्स्टॉल करताना जे अपडेट डाउनलोड करतं ते फेल.”

या वेळी त्याने बरंच नीट सांगितलं होतं. इन्स्टॉलरमध्ये तिसऱ्या पक्षाचे ड्रायव्हर आणि अपडेट उतरवायची खूण त्याने ठेवली होती. त्यासाठी हॉस्टेलच्या वायफायला जोडलं होतं. ते नेट लॉगिनचं पान उघडून नाव-पासवर्ड दिल्यावरच चालू होतं, म्हणून माझा पहिला अंदाज तोच: लॉगिन झालं नसेल. अशा नेटवर लॉगिनच्या आधी काहीही मागितलं तर लॉगिनचं पानच हातात येतं, आणि पॅकेज मागणाऱ्या प्रोग्रॅमला ते पान पॅकेज म्हणून दिलं की तो गोंधळतो. पण लॉगिन झालं होतं. साधी एक साइट उघडत होती, दुसऱ्या दोन उघडत नव्हत्या.

“टर्मिनल उघड. एपीटी अपडेट चालव. जे येईल ते वाच, पूर्ण वाच.”

एपीटी हा उबुंटूचा पॅकेज उतरवणारा प्रोग्रॅम. भाचा वाचायला लागला. रिलीज फाइल, अमुक पत्ता, नॉट व्हॅलिड येट. “व्हॅलिड नाही म्हणतंय. म्हणजे सर्व्हरचाच प्रॉब्लेम.”

“पुढे कंस आहे ना? कंसात काय आहे?”

कंसात होतं: अजून इतके दिवस, इतके तास, इतकी मिनिटं ही वैध होणार नाही. दिवसांचा आकडा चारशेच्या वर होता.

सर्व्हर काही भविष्यातली फाइल वाटत नाही. घड्याळ मागे होतं. लॅपटॉपला वाटत होतं की आपण वर्षभरापूर्वीच्या कुठल्यातरी तारखेत आहोत. त्या दृष्टीने रिपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजच्या कोठाराची, यादी (तीच ती रिलीज फाइल) अजून बनायचीच होती, आणि ज्या साइट उघडत नव्हत्या त्यांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रंही अजून सुरू व्हायची होती. दोष एकच, दिसत होता दोन ठिकाणी.

रविवारी माझ्याकडे घड्याळ बरोबर होतं. मग रात्रीत काय झालं? हॉस्टेलवर पोचून त्याने पेन ड्राइव्ह लावून बूटचा मेनू उघडला आणि तसाच झोपला. चार्जर लावलेला नव्हता. बूट मेनूत असलेला लॅपटॉप झोपत नाही, तिथे वीज वाचवणारं कुणी नसतं. पहाटे कधीतरी बॅटरी पार संपली. काही लॅपटॉपमध्ये घड्याळासाठी वेगळी छोटी बॅटरी नसते, ते मुख्य बॅटरीच्या तळाशी राखलेल्या थोड्या चार्जवर चालतं. तोही संपला की घड्याळ कारखान्यातल्या कुठल्यातरी तारखेला जाऊन बसतं.

एरवी हे कळलंही नसतं. विंडोज असो की उबुंटू, नेट मिळालं की वेळेच्या सर्व्हरला विचारून घड्याळ सरळ करतात. पण तो प्रश्न यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या दारातून (पोर्टमधून) जातो, आणि हॉस्टेलच्या नेटवर ते दार बंद होतं. टाइमडेटसीटीएल ही घड्याळाची कमांड चालवली तर ‘सिंक्रोनाइझ्ड: नो’.

उपाय दोन कमांडचा: आधी आपोआप वेळ घेणं बंद, मग हाताने तारीख-वेळ. लाइव्ह सेशनमध्ये वेळेचा पट्टा यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) धरलेला असतो, तेव्हा मनगटावरची वेळ तशीच टाकायची नाही. आधी पट्टा ठरवायचा, नाहीतर काही तासांची चूक राहते. काही तासांनी प्रमाणपत्रं सहसा बिघडत नाहीत, पण चूक मागच्या बाजूची असेल तर नुकतीच बनलेली रिलीज फाइल तेवढ्यानेही ‘अजून वैध नाही’ ठरू शकते. एपीटी अपडेट पुन्हा चालवलं, ते धडाधड पळालं. दुपारच्या जेवणाआधी उबुंटू बसलं.

हे सगळं टाळायचा आणखी एक रस्ता होता, तो नोंदवते: नेट न जोडताच इन्स्टॉल करायचं. आयएसओमध्ये चालणारी पूर्ण सिस्टीम असते, अपडेट आणि ड्रायव्हर नंतरही घेता येतात. तो मी आधी सुचवला नाही कारण त्याच्या वायफायचा ड्रायव्हर आयएसओमध्येच आहे की नाही याची खात्री नव्हती. लाइव्ह सेशनमध्ये वायफाय चाललं तेव्हाच ती झाली होती, मला मागाहून लक्षात आलं. ज्यांच्या वायफायला वेगळं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) लागतं त्यांनी फोन यूएसबीने जोडून नेट घ्यावं. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवाल्यांची ही कटकट बरीच कमी झाली आहे, जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून तसलं फर्मवेअर अधिकृत आयएसओमध्येच येतं.

राहिलेल्या गोष्टी

दोन दिवसांनी त्याने कळवलं की विंडोजमध्ये गेलं की घड्याळ काही तास चुकतं. ते अपेक्षितच होतं. यंत्रातल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी लिहितं, आणि प्रत्येकाला वाटतं की समोरच्यानेही आपल्यासारखंच लिहिलंय. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, तेही टाइमडेटसीटीएलनेच, पण ती कमांड स्वतःच इशारा देते की हे बरं नाही. त्यापेक्षा विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या वहीत) एक नोंद करून त्याला यूटीसी समजायला लावलेलं बरं. आम्ही तेच केलं.

पेन ड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट करून घेतली. आता सहा जीबीची फाइल तिच्यावर राहते. मात्र पुन्हा बूटसाठी बनवताना रुफस स्वतःला हवी ती फाइल सिस्टीम त्यावर चढवणार, हे त्याला सांगून ठेवलं आहे.

एक गोष्ट अजून पक्की झालेली नाही. बॅटरी संपल्यामुळेच घड्याळ मागे गेलं, हे मी घटनाक्रमावरून म्हणतेय, मुद्दाम बॅटरी संपवून पाहिलेलं नाही. लॅपटॉप उघडून आत वेगळी घड्याळाची बॅटरी आहे का तेही कुणी पाहिलेलं नाही. असेल तर ती मेली आहे आणि बदलावी लागेल. सध्या त्याला एवढंच सांगितलंय: पुढच्या वेळी लॅपटॉप पूर्ण बंद पडला की चालू करताना कुठल्याही सिस्टीममध्ये जाण्याआधी थेट बायोसमध्ये (लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा, तिथे दिसणारी तारीख आणि वेळ कागदावर लिही, आणि मला पाठव.

“फोटो चालेल?” त्याने विचारलं.

चालेल. कंसासकट.